रुमियातीच्या अंगणाचं पाणी

मंगिस गल्लीत रुमियातीच्या अंगणाइतकं स्वच्छ अंगण दुसरं नव्हतं. हे कुणी तुम्हाला सांगायची गरजच पडत नसे, कारण रुमियाती ते स्वतःच सांगायची. "माझ्या अंगणात पाण्याचा एक थेंब थांबत नाही, काय समजलात!" असं म्हणून ती झाडूचा दांडा सिमेंटवर आपटायची.

आणि खरंच थांबत नसे. घरापासून फाटकापर्यंत गुळगुळीत सिमेंट, त्याला बाहेरच्या बाजूला नीट उतार. पाऊस पडला की पाणी फाटकाखालून सुर्रकन गल्लीत. रुमियातीचा धंदा क्रुपुकचा. पिठाच्या रंगीत चकत्या बांबूच्या सुपांत मांडून उन्हात वाळवायच्या, मग तळल्या की अशा कुरकुरीत फुलतात, की खाणाऱ्याचं बोलणं शेजारच्याला ऐकू येत नाही. त्या सुपांना कोरडी, सपाट जागा लागते. तेव्हा बिचारीने अंगण सिमेंटचं केलं यात तिचं काय चुकलं? मंडळी, आपणही हेच करतो. घर स्वच्छ असावं, पायाला चिखल लागू नये, एवढीच तर आपली इच्छा असते!

इंडोनेशियातल्या सेमारांग शहरातली ही गल्ली वरच्या मोठ्या रस्त्यापासून खालच्या नाल्यापर्यंत उतरत जाते. मंगिस नावाच्या फळझाडांवरून तिला नाव पडलं. आता झाड एकही नाही, नाव तेवढं राहिलं आहे. दर पावसाळ्यात कुणाच्या ना कुणाच्या घरात पाणी शिरायचं, आणि पाणी ओसरलं की तो माणूस विटा मागवून अंगण वीतभर उंच करून घ्यायचा. मग पुढच्या पावसात पाणी त्याच्या घरात न जाता शेजारच्याच्या घरात जायचं. शेजारी मग दीड वीत उंच करायचा. अशी ही चढाओढ वर्षानुवर्षं चालली होती. रुमियातीनेच आपलं अंगण दोनदा उंच करून घेतलं होतं. फक्त सगळ्यांत खाली, नाल्याच्या अलीकडे राहणाऱ्या पोनिराला ते जमलं नव्हतं. तिचं घर जुनं, छप्पर बुटकं. जमीन आणखी उचलली असती, तर तिला घरात वाकून चालावं लागलं असतं.

पोनिरा तेम्पे करायची. सोयाबीन भिजवायचं, उकडायचं, विरजण लावून केळीच्या पानात बांधून ठेवायचं. एक दिवस, दोन रात्री त्याला कुणी हलवू नये, ओल लागू देऊ नये. तिच्या हातचा तेम्पे असा दाट आणि पांढराशुभ्र, की वरच्या रस्त्यावरचे खाणावळवाले स्वतः खाली उतरून यायचे. रुमियाती लग्न होऊन या गल्लीत आली, तेव्हा पहिल्या दिवशी तिला पाण्याचा नळ कुठे ते दाखवणारी पोनिराच. पुढे रुमियातीला मोठ्या आजारपणात अंगावर दूध येईना, तेव्हा तिच्या लेकीला छातीशी धरणारीही पोनिराच. म्हणून रुमियाती तिला मोठ्या बहिणीला म्हणतात तसं 'यू' म्हणायची. यू पोनिरा.

आणि प्रत्येक पुरानंतर गल्लीतून पहिलं कोण खाली धावायचं? रुमियातीच. एका हातात भाताचं पातेलं, दुसऱ्या हातात बादली. ती पोनिराबरोबर पाणी उपसायची, नाल्याला शिव्या घालायची, नाल्यात कचरा टाकणाऱ्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार करायची आणि जाताना डोळे पुसायची. मनाची मोठी बाई! तिच्या मायेत खोट काढायला जागा नव्हती.

त्या वर्षी पावसाळा मध्यावर आला होता. असंच एकदा पाणी ओसरल्यावर रुमियाती पातेलं घेऊन खाली गेली, तर पोनिराच्या दारावर खडूने लिहिलेली फळी. 'घर विकणे आहे.'

रुमियातीने पातेलं ओट्यावर ठेवलं. "यू! हे काय नवीन?"

पोनिरा ओट्यावर बसून आंबूस काळा पडलेला तेम्पे टोपलीत टाकत होती. "नवीन कुठलं? मुलगा दोन वर्षं म्हणतोय, समुद्रापलीकडे कालिमांतानला ये. यंदा ईद झाली की न्यायला येणार आहे."

"आणि तुझा तेम्पे?"

"तिकडे काय करायचाय तेम्पे? सून नोकरी करते. नातवंडं सांभाळीन." पोनिरा हसली, पण टोपलीकडे बघून. "हे बघ ना, या महिन्यात तिसऱ्यांदा टाकतेय. गिऱ्हाईक तरी किती दिवस वाट बघणार?"

"त्या मेल्या नाल्याने वाटोळं केलं बघ!" रुमियाती उसळून म्हणाली. "मी आपल्या गल्लीप्रमुखांना, पाक कुस्नानना सांगते. वर अर्ज करा म्हणावं, नाला खोल करा."

पोनिराने मान वर करून तिच्याकडे पाहिलं. काहीतरी बोलेल असं वाटलं, पण म्हणाली एवढंच, "भात गरम आहे का गं? बस, दोघी खाऊ."

रुमियाती घरी परतायला निघाली. पोनिरा नसलेली गल्ली तिला डोळ्यांपुढे आणवेना. फाटकाशी आली तर शेजारच्या कुंपणावरून आवाज आला, "काय गं, तोंड का उतरलंय? क्रुपुक फुलले नाहीत वाटतं!"

ही शेजारीण म्हणजे हार्तिनी, निवृत्त सुईणबाई; सगळे तिला 'इबू बिदान', म्हणजे 'सुईणबाई'च म्हणायचे. गल्लीतली निम्मी माणसं तिच्या हातून जगात आलेली, त्यामुळे कुणालाही काहीही बोलायचा परवाना तिला जन्माचा मिळाला होता. गल्लीचा प्रमुख पाक कुस्नान ('पाक' म्हणजे आपलं 'राव') एकदा तिच्यावर आवाज चढवायला गेला, तर भर सभेत म्हणाली, "कुस्नान, तू जन्मलास तेव्हा उलटा होतास, अजून सरळ झाला नाहीस!" गल्ली आठवडाभर हसत होती.

सुईणबाईंचं अंगण म्हणजे मंगिस गल्लीची थट्टा. सगळीकडे सिमेंट, आणि यांच्याकडे माती. मधोमध परातीसारखा खोलगट भाग, त्यात कर्दळ, गवती चहा, सुवासिक पांदानची झुडपं. कडेला जमिनीत मनगटाएवढी रुंद आणि कमरेइतकी खोल भोकं पाडून त्यांत पालापाचोळा कोंबलेला. छपराच्या पन्हळीखाली मातीचे मोठाले रांजण. लोक त्याला 'सुईणबाईंचं जंगल' म्हणायचे.

"यू पोनिरा घर विकतेय," रुमियाती रडवेली होऊन म्हणाली.

सुईणबाईंनी हातातली पानं खाली ठेवली. मग म्हणाल्या, "आणि तू काय करणार आहेस?"

"मी काय करणार? नाला काय माझ्या बापाचा आहे?"

"नाला नाही गं," सुईणबाई म्हणाल्या, "अंगण तर तुझ्या नवऱ्याच्या बापाचं आहे ना?"

याचा अर्थ रुमियातीला कळला नाही, आणि कळून घ्यायची इच्छाही नव्हती. "तुमची ती पानं आधी आवरा, इबू बिदान! वारा आला की माझ्या सुपात येऊन पडतात!" असं म्हणून ती तरातरा आत गेली.

पुढच्याच आठवड्यात वरच्या आळीत लग्न होतं. क्रुपुकची मोठी मागणी आली होती, पांढरे आणि गुलाबी. गुलाबी म्हणजे चांगले झणझणीत गुलाबी हवेत, असं नवरीच्या आईने बजावलं होतं. सकाळपासून रुमियाती आणि तिचा नवरा जुमादी कामाला जुंपले होते. एका टबात घट्ट गुलाबी रंग कालवून ठेवला होता. अंगणभर सुपं मांडलेली.

दुपारी आभाळ असं अचानक कोसळलं, की विचारू नका! "अहो, सुपं! सुपं उचला आधी!" रुमियाती ओरडली. दोघं सैरावैरा धावायला लागली. एक सूप आत, दुसरं आत, आणि तिसरं उचलताना जुमादीचा पाय टबाला लागला. टब आडवा. सगळं अंगण गुलाबी!

"धांदरटच आहात अगदी! सगळा रंग गेला!"

"अगं, मुद्दाम केलं का मी?"

"आता उभे काय राहिलात? सिमेंटवर डाग बसेल!" रुमियातीने झाडू उचलला आणि भर पावसात ते पाणी फाटकाकडे लोटायला लागली. उतार होताच. गुलाबी लोंढा फाटकाखालून गल्लीत उतरला आणि दिसेनासा झाला. घटकाभरात अंगण लख्ख. चिंब भिजलेल्या रुमियातीला हसूच आलं. "बघा, थेंब राहिला नाही!"

पाऊस थांबायचं नाव घेईना. रुमियातीला पोनिराची आठवण झाली. कोरडी पोती डोक्यावर घेऊन ती खाली निघाली. गल्लीत घोटाभर पाणी, पुढे पोटरीभर. पोनिराच्या दाराशी गुडघ्याला लागलं. तिने दार ढकललं आणि तशीच उभी राहिली.

स्वयंपाकघरात गुलाबी पाणी भरलं होतं.

पावसात मिसळून फिकं झालेलं, पण गुलाबीच. चुलीच्या पायांशी गुलाबी. तेम्पेच्या घडवंचीखाली गुलाबी. भिंतीवर, पाणी चढून उतरलं होतं तिथे, गुलाबी रेघ. या घरात एक गोष्ट अशी होती, जी एकट्या पोनिराची नव्हती. मंगिस गल्लीत प्रत्येक दाराला एक लहानसा डबा टांगलेला असतो. रोज घरातली बाई त्यात एक मूठ तांदूळ टाकते, संध्याकाळी पहारेकरी फिरून ते गोळा करतात. कुणाकडे आजारपण आलं, कुणाचा माणूस गेला, तर हा मुठीमुठीने साठलेला तांदूळ उपयोगी पडतो. पोनिरा सगळ्यांच्या विश्वासातली, म्हणून ते पोतं तिच्याकडे असायचं. त्या पोत्याची खालची बाजू गुलाबी झाली होती. ते उचलून घडवंचीवर ठेवायला पोनिरा धडपडत होती.

आपला रंग रुमियातीने ओळखला होता. ती स्वतःच्या हाताने कालवलेला रंग ओळखणार नाही, तर कोण ओळखणार?

तिने पुढे होऊन पोत्याला हात लावला. दोघींनी मिळून ते वर ठेवलं. मग रुमियाती हळूच म्हणाली, "यू... हे पाणी माझ्याकडचं आहे."

पोनिराने पदराने हात पुसले. "हो गं."

"तुला कसं कळलं? रंगावरून?"

"आज रंगावरून," पोनिरा म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच रुमियातीला सोसेना. "एरवी काय, पाणी वरूनच येतं ना! नाल्याचं पाणी मागून चढतं, ते काळं असतं, त्याला वेळ लागतो. तुमचं सगळ्यांचं पाणी पुढच्या दाराने येतं, पाऊस सुरू झाला की लगेच. तू दुसऱ्यांदा अंगण उचललंस ना, त्या वर्षापासून ते उंबरठ्यावरून आत यायला लागलं."

"इतकी वर्षं तुला माहीत होतं? आणि बोलली नाहीस?"

"कसं बोलू?" पोनिराचे डोळे भरले. "तू दर वेळी भात घेऊन यायचीस. भिजून, धावत. तुझ्या हातचा भात खायचा आणि तुला म्हणायचं, बाई, हे पाणी तूच पाठवलंस? माझी जीभ नाही रेटली, रुमी."

आता काय सांगू तुम्हाला! आपल्याकडे माणसं भिडेपोटी घरदार सोडतील, पण शेजाऱ्याच्या तोंडावर त्याची चूक सांगणार नाहीत. रुमियाती त्या गुलाबी पाण्यात मटकन बसली आणि लहान मुलासारखी रडली. पोनिराच उलट तिच्या पाठीवर हात फिरवत राहिली.

पाऊस उघडल्यावर ती घरी गेली नाही. तशीच ओलेत्याने सुईणबाईंच्या फाटकात शिरली.

"इबू बिदान, तुमच्या अंगणातलं पाणी कुठे गेलं?"

सुईणबाई रांजणावर झाकण ठेवत होत्या. त्यांनी एकवार तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि थट्टा करायचा बेत रद्द केला. "जाईल कुठे? इथेच आहे. बघ."

खोलगट भागात कर्दळीच्या बुंध्याशी पाणी साठलं होतं. बघता बघता ते खाली खाली चाललं होतं, मधूनच एखादा बुडबुडा. कडेच्या भोकांमधला पालापाचोळा ओला होऊन फुगला होता. फाटकाबाहेर जेमतेम एक बारीक ओघळ.

"ती भोकं कशाला पाडलीत?"

"माती वरून चेंगरलेली असते. पाला टाकला की गांडुळं येतात, आतल्या आत वाटा करतात, पाणी खाली मुरतं. रांजण छपराचं पाणी धरतात, कर्दळ बाकीचं पिते. यात जादू काही नाही गं. पूर्वी अख्खी गल्लीच अशी होती. मंगिसची झाडं होती, माती होती. आपणच तिचं तोंड सिमेंटने बंद केलं आणि मग म्हणतो, पाणी बाहेर का पडतं!"

"पण मी एकटीने अंगण फोडून काय होणार?"

"तू एकटीने मूठभर तांदूळ टाकून काय होतं?" सुईणबाईंनी विचारलं. "तरी रोज टाकतेस ना?"

रुमियातीने वाकून एका भोकातला ओला पाला चाचपून पाहिला.

रविवारी गल्लीच्या सफाईसाठी सगळे जमले. दर रविवारी जमायचे. गटारं उपसायची, सिमेंट घासायचं, मग चहा आणि तळलेली केळी. पाक कुस्नानने गल्लीला मिळालेली 'सर्वांत स्वच्छ गल्ली'ची ढाल भिंतीवर टांगली होती, तिला तो दर रविवारी स्वतः फडकं मारायचा. माणूस वाईट नव्हता. त्याला गल्लीचा अभिमान होता, आणि अभिमानापुढे त्याला बाकीचं दिसत नसे.

चहा झाला आणि रुमियाती एक सूप घेऊन मधोमध आली. सुपात गुलाबी तांदूळ.

"अरे वा, मिठाई?" कुणीतरी म्हणालं.

"आपल्या मुठींचा तांदूळ आहे हा," रुमियाती म्हणाली. "यू पोनिराच्या घरातला. रंग माझा आहे. मी झाडूने लोटलेलं पाणी तिच्या चुलीपर्यंत गेलं. माझ्या पाण्याला त्या दिवशी रंग होता म्हणून मला दिसलं. तुमच्याही अंगणातून तेवढंच पाणी जातं. त्याला रंग नाही, एवढंच."

पोनिरा मागे उभी होती, तिने मान खाली घातली.

पाक कुस्नान खाकरला. "इबू रुमियाती, झालं ते वाईट झालं. पण चूक नाल्याची आहे. मी अर्ज केलाय."

"अर्ज कर की!" सुईणबाई म्हणाल्या. "नाला खोल व्हायलाच हवा. पण तो होईपर्यंत पोनिराने पाण्यात राहायचं?"

"मग काय करायचं? सगळ्यांनी सिमेंट उखडून चिखल करायचा? पोरं घसरतील, डास होतील! ढाल परत द्यावी लागेल!"

"डास तुंबलेल्या पाण्यात होतात. तुझ्या त्या चकचकीत गटारात बघ, अळ्या कवायत करतायत! माझ्याकडे पाणी दुसऱ्या दिवशी सकाळी नसतं. अंडी घालायला डासाने यायचं कधी?"

लोक हसले. कुस्नानचा चेहरा लाल झाला. सुईणबाई मात्र आता हसत नव्हत्या. त्या पुढे आल्या, सुपातले तांदूळ मुठीत घेतले आणि मूठ सगळ्यांपुढे धरली.

"ऐका रे बाळांनो. आपण रोज एक मूठ तांदूळ गल्लीसाठी बाजूला काढतो. कुणी म्हणत नाही, माझ्या एका मुठीने काय होणार. कुणी म्हणत नाही, मी का देऊ, मला तर गरज नाही. पाण्याचंही असंच करायचं आहे. आपल्या अंगणात पडलेल्या पावसातला आपला वाटा आपल्याच अंगणात धरायचा. सगळं सिमेंट उखडा असं कोण म्हणतंय? एक पट्टा मोकळा करा. चार भोकं पाडा. पन्हळीखाली रांजण ठेवा. जेवढी ज्याची ऐपत, तेवढी त्याची मूठ!"

"आणि नाही धरला तर?" मागून कुणीतरी विचारलं.

"नाही धरला, तर तुझा वाटा पोनिरा धरतेच आहे," सुईणबाई म्हणाल्या. "आजवर आपल्या सगळ्यांचा वाटा तिने एकटीनेच धरला. घरात, गुडघाभर!"

वरच्या घरातल्या बाईने पदर डोळ्यांना लावला. एकेकाच्या माना खाली गेल्या.

"मी आज सुरुवात करते," रुमियाती म्हणाली. "अहो, पहार आणा."

जुमादी चमकला. "अगं, सुपं कुठे वाळवशील? लग्नसराई तोंडावर आलीय!"

"बांबूचे मांडव करू, सुपं त्यावर ठेवू. उशीर होईल, थोडे कमी होतील. पण यू पोनिरा गेली, तर ती कुठून आणू?"

जुमादीने पहार आणली. पहिला घाव रुमियातीने स्वतः घातला. ज्या अंगणाच्या कौतुकाने तिने गल्लीचे कान किटवले होते, त्याच अंगणावर! सिमेंट काही लगेच फुटलं नाही. दुसरा घाव, तिसरा, हाताला झिणझिण्या आल्या. मग एक तुकडा उडाला आणि खालची काळीभोर माती दिसली. इतक्या वर्षांनी उघड्यावर आलेल्या मातीचा वास आला, तशी ती क्षणभर थांबली.

तेवढ्यात मागून कुणीतरी तिच्या हातातून पहार घेतली. पाक कुस्नान! "बाजूला व्हा, इबू. तुमच्या हाताने संध्याकाळ होईल," तो कुरकुरत म्हणाला. घाम निथळेपर्यंत त्याने घाव घातले. मग सुईणबाईंकडे न बघता म्हणाला, "कोपऱ्यातल्या बॅडमिंटनच्या मैदानाची पण एक बाजू फोडता येईल. तिकडे कुणी खेळत नाही फारसं."

"झाला गं बाई, सरळ झाला!" सुईणबाई म्हणाल्या, आणि या वेळी कुस्नानही हसला.

पुढचे कितीतरी रविवार गल्लीत झाडूऐवजी पहारीचा आवाज होता. सगळं सुरळीत झालं असं मात्र समजू नका. काहींनी नुसती एक कुंडी ठेवली आणि आपला वाटा झाला म्हणाले. एकाने भोकं पाडली, त्यांत प्लास्टिक टाकलं. सुईणबाईंनी ते त्याच्याच हाताने उपसायला लावलं. रुमियातीचे पहिले क्रुपुक मांडवावर वाळता वाळता अर्धे चिमण्यांनी पळवले, तेव्हा तिने कपाळावर हात मारून घेतला. पण मैदानाच्या कोपऱ्यात मोठा खोलगट वाफा तयार झाला, दगडगोटे टाकले, कर्दळ लागली. कुणीतरी कुठून तरी मंगिसचं एक रोप आणलं. ते मोठं व्हायला माणसाचं अर्धं आयुष्य लागतं, हे माहीत असूनही लावलं.

पोनिरा सगळं बघत होती. येताजाता लोकांना चहा देत होती. दारावरची फळी मात्र तिने काढली नव्हती. रुमियातीने विचारलं नाही. कुठल्या तोंडाने विचारणार?

ईदला थोडेच दिवस उरले असताना तो पाऊस आला. दुपारी काळोख झाला आणि असा मुसळधार कोसळायला लागला, की समोरचं घर दिसेना. पूर्वी रुमियाती सुपांकडे धावली असती. आज ती छत्रीही न घेता खाली धावली. तिच्या अंगणात पाणी साठत होतं, तिने त्याच्याकडे पाहिलंही नाही.

पोनिरा ओट्यावर उभी होती. रुमियाती तिच्या शेजारी जाऊन उभी राहिली. दोघींनी एकमेकींचे हात घट्ट धरले आणि गल्लीकडे बघत राहिल्या.

पाणी आलं. येणार नाही असं थोडंच होतं? पण पूर्वीसारखं धावत आलं नाही. हळूहळू आलं. पहिली पायरी बुडाली. रुमियाती ओठ चावत होती. पाणी दुसऱ्या पायरीला लागलं, तिथे थोडा वेळ डुचमळत राहिलं. पावसाचा जोर वाढला. रुमियातीने डोळे मिटून घेतले.

"रुमी," पोनिरा म्हणाली, "बघ."

पाणी दुसऱ्या पायरीवरच होतं. उंबरठा कोरडा होता. वरची गल्ली पाणी धरून बसली होती; रुमियातीच्या अंगणात, सुईणबाईंच्या जंगलात, कुस्नानच्या मैदानात, प्रत्येक रांजणात, प्रत्येक भोकात प्रत्येकाची मूठ होती. पाऊस ओसरला, आणि थोड्या वेळाने पाणी एक पायरी खाली उतरलं.

पोनिरा आत गेली. रुमियातीला वाटलं, फडकं आणायला गेली असेल. आतून डबा उघडल्याचा आवाज आला, मग टोपात सोयाबीन ओतल्याची सळसळ, मग त्यावर पाणी.

"यू, हे काय करतेस?"

"भिजत घालतेय," पोनिरा आतूनच म्हणाली. "तेरवाला तेम्पे हवा ना? खाणावळवाल्यांना सांगून ठेव वरती. आणि येताना ती दारावरची फळी घेऊन ये गं आत. चुलीला सरपण कमी आहे."

रुमियातीने फळी काढली. काढताना ती रडत होती आणि हसतही होती, आणि दोन्ही लपवायचा प्रयत्न तिने केला नाही.

आजही मंगिस गल्लीत थोरला पाऊस आला तर पोनिराची पहिली पायरी बुडते. नाला अजून खोल झालेला नाही. कुस्नान अर्ज करतोच आहे, आणि ते करायलाच हवं. पण आता त्या गल्लीत अंगणाची बढाई कुणी मारत नाही, रुमियाती तर नाहीच. कुणी तिच्या अंगणाचं कौतुक केलं, तर ती म्हणते, "इथलं पाणी इथेच थांबतं बरं का!"

मंडळी, आपल्या घराचा उंबरठा कोरडा राहिला म्हणजे आपलं कर्तव्य संपत नाही. जे पाणी, जो कचरा, जो त्रास आपण हसत हसत आपल्या फाटकाबाहेर लोटतो, तो कुठेही नाहीसा होत नाही. उतारावरून तो कुणाच्या तरी चुलीपर्यंत जातो, आणि तो माणूस भिडेपोटी आपल्याला काही सांगत नाही. म्हणून आपला वाटा आपणच आपल्या अंगणात धरला पाहिजे, मग तो एका मुठीएवढा का असेना. रुमियातीला तिचा अपराध दिसला, कारण त्या दिवशी तिच्या पाण्याला रंग होता. आपल्या पाण्याला रंग नसतो, तेव्हा आपण ते न दिसताही ओळखायला शिकूया!